टर्नटेबलखाली स्प्रिंगा बसवताना: आधी वजन, मग दब, शेवटी खरेदी

टर्नटेबलखाली (म्हणजे तबकड्या वाजवण्याच्या यंत्राखाली) स्प्रिंगा ठेवूनही धक्के तसेच येतात, किंवा आधी नव्हती ती घरघर स्पीकरमधून येऊ लागते, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी एकच चूक केलेली असते: त्यांनी स्प्रिंगा आधी विकत घेतलेल्या असतात आणि टर्नटेबलचे वजन कधीच केलेले नसते. मीही पहिल्यांदा हेच केले होते. हातात घेतल्यावर भक्कम वाटल्या म्हणून आणलेल्या चार स्प्रिंगा टर्नटेबलच्या वजनाने जेमतेम २ मिलिमीटर दबल्या, आणि त्या कंपन अडवण्याऐवजी नेमक्या नको त्या ठिकाणी वाढवत आहेत, हे पुढे आकडेमोड केल्यावर लक्षात आले. स्प्रिंग भक्कम असून चालत नाही. ती आपल्या वजनाला पुरेशी दबावी लागते. हा लेख त्या 'पुरेशी'चा हिशेब कसा करावा आणि कोणत्या क्रमाने करावा यासाठी आहे.

तयारी: काय जवळ असावे

स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काटा (५ किंवा १० किलोचा), मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, स्पिरिट लेव्हल, साधारण २० मिलिमीटर जाडीचा गोल पाइप किंवा लाकडी दांडा, कागदी चिकटपट्टी, पेन्सिल आणि जाड टॉवेल एवढे साहित्य पुरते. कॅलिपर असल्यास तारेची जाडी मोजता येते. नसल्यासही काम अडत नाही, कारण स्प्रिंगेची ताकद शेवटी काट्यावरच मोजायची आहे.

सावधान: टर्नटेबल उचलण्यापूर्वी वीज बंद करावी, सुईचे संरक्षक टोपण लावावे आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) त्याच्या खुंटीला अडकवून ठेवावा. प्लॅटर (तबकडी ठेवण्याची फिरती थाळी) वेगळा निघत असेल तर हलवताना तो काढून ठेवावा.

टप्पा १: त्रास नेमका कशाचा आहे ते ठरवणे

स्प्रिंगा काही विशिष्ट त्रासांवरच उपयोगी पडतात. म्हणून प्लॅटर बंद ठेवून, एखाद्या जुन्या, नको असलेल्या तबकडीवर सुई टेकवावी आणि आवाज नेहमी ऐकतो तितका ठेवावा. आता बोटाच्या पेराने टेबलावर हलकेच टकटक करावी. स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज आला, तर कंपन टेबलातून सुईपर्यंत पोहोचत आहे आणि स्प्रिंगांचा विचार करण्यात अर्थ आहे.

सुई वर उचलल्यावरही गुणगुण तशीच राहत असेल, तर तो वीजपुरवठ्याचा आवाज आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झवर ऐकू येते, आणि तिचा इलाज अर्थिंगची तार नीट जोडणे हा आहे. प्लॅटर फिरू लागल्यावरच खालच्या सुरातली घरघर येत असेल, तर ती मोटारीची किंवा बेअरिंगची असते, आणि टर्नटेबलच्या पोटातल्या कंपनावर बाहेरच्या स्प्रिंगांचा इलाज चालत नाही.

सोलापुरात याखेरीज एक मोठी बाब उरते, ती म्हणजे यंत्रमाग. पूर्व भागात घर आणि मागाचा कारखाना अनेकदा एकाच छपराखाली असतात, किंवा दोन्हींमध्ये एकच भिंत असते. माग चालू असताना टेकवलेल्या सुईतून येणारा आवाज आणि वीज गेल्यावर माग थांबल्यानंतरचा आवाज यांची तुलना करायची असेल, तर वीज गेली असताना आपला ॲम्प्लिफायरही बंदच असतो. त्यामुळे मोबाईल फोन टेबलावर पालथा ठेवून, प्रवेग मोजणाऱ्या फायफॉक्ससारख्या मोफत ॲपमध्ये दोन्ही वेळच्या नोंदी घ्याव्यात. फोनला फार सूक्ष्म कंपन कळत नाही, पण मागाचा ठोका त्याला सहसा कळतो.

पडताळा: माग जवळ असेल तर घड्याळ लावून मिनिटाला किती फेके (आडवा धागा टाकणाऱ्या धोट्याच्या फेऱ्या) पडतात ते मोजून लिहून ठेवावे. हा आकडा चौथ्या टप्प्यात लागणार आहे.

टप्पा २: टर्नटेबल कोठे ठेवायचे

स्प्रिंगांच्या आधी जागा ठरवावी, कारण जागा बदलल्यावर पुष्कळदा निम्मा त्रास संपतो. माणूस साधारणपणे सेकंदाला दोन पावले टाकतो. इतक्या संथ हालचालीला कोणतीही घरगुती स्प्रिंग अडवू शकत नाही. उलट मऊ स्प्रिंग तिच्यावर डोलू लागते. म्हणून जुन्या घराच्या लाकडी माडीवर चालताना सुई उडी मारत असेल, तर स्प्रिंगांचा नाद सोडून भक्कम भिंतीला लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर टर्नटेबल ठेवणे हाच खरा उपाय आहे.

मात्र हाच सल्ला मागाच्या शेजारी उलटा पडतो. कारखान्याशी सामाईक असलेल्या भिंतीवर ब्रॅकेट ठोकले, तर मागाचा ठोका थेट टर्नटेबलपर्यंत नेणारा दांडाच आपण बसवला असे होते. अशा घरात तळमजल्यावर, त्या भिंतीपासून शक्य तितके दूर, शहाबादी फरशीवर किंवा स्लॅबवर जड टेबल ठेवावे आणि ते भिंतीला टेकू देऊ नये. टेबल स्वतः हलत असेल, तर पुढचे काहीही करण्यात अर्थ नाही. हाताने कडेला ढकलून पाहावे. डुगडुगत असल्यास पायाखाली पाचर घालून किंवा टेबलाला तिरपी पट्टी ठोकून ते आधी पक्के करावे.

सावधान: थोरन्स टीडी १६० किंवा लिन एलपी १२ यांसारख्या टर्नटेबलांमध्ये प्लॅटर आणि टोनआर्म आतल्या आत स्प्रिंगांवर टांगलेले असतात. त्यांच्याखाली पुन्हा स्प्रिंगा ठेवू नयेत. दोन स्प्रिंगसंच एकमेकांना झोके देऊ लागतात आणि ते थांबवणे अवघड होते. अशांना हलके पण ताठ टेबल हवे.

टप्पा ३: वजन आणि गुरुत्वमध्य

स्प्रिंगा टर्नटेबलच्या पायांखाली थेट ठेवण्याऐवजी एका जड फळीखाली ठेवाव्यात आणि फळीवर टर्नटेबल त्याच्या मूळ पायांवर ठेवावे, असे मी सुचवतो. यामुळे स्प्रिंगांच्या जागा आपल्या मर्जीने ठरवता येतात, एकूण वजन वाढते आणि टर्नटेबलला भोक पाडावे लागत नाही. १८ मिलिमीटर प्लायवुडचे ४५ × ४० सेंटिमीटरचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवले, तर सुमारे ४ किलोची चांगली फळी तयार होते. याच मापाची २५ मिलिमीटर जाडीची शहाबादी फरशी घेतली, तर ती ११ ते १२ किलो भरते. टर्नटेबल फार हलके असेल, तर फरशीचा फायदा होतो, पण तिला बोटाने टिचकी मारल्यास ती घंटेसारखी वाजते. म्हणून फरशी आणि टर्नटेबलचे पाय यांच्यामध्ये बुचाची किंवा फेल्टची पातळ चकती द्यावी. येथे सोलापुरी चादरीची घडी घालण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, कारण घडी सर्वत्र सारखी दबत नाही आणि काही दिवसांत टर्नटेबल एका बाजूला कलते.

आता वजन. टर्नटेबलची वजने फार वेगवेगळी असतात: टेक्निक्स एसएल-१२०० एमके २ सुमारे साडेबारा किलोचे आहे, तर बेल्टवर चालणारी अनेक साधी टर्नटेबले ४ ते ६ किलोची असतात. म्हणून दुसऱ्याच्या टर्नटेबलसाठी योग्य ठरलेली स्प्रिंग आपल्याला योग्य ठरेलच असे नाही. फळी, टर्नटेबल, प्लॅटर, मॅट, एक तबकडी आणि ऐकताना झाकण लावलेले राहणार असेल तर झाकण, हे सगळे धरून वजन करावे. घरातला काटा अपुरा असेल, तर ओळखीच्या किराणा दुकानातील मोठा काटा वापरावा, किंवा माणसाच्या वजनकाट्यावर एकदा रिकाम्या हाताने आणि एकदा सामान घेऊन उभे राहावे. १००-२०० ग्रॅमची चूक चालते.

वजनानंतर गुरुत्वमध्य शोधायचा असतो, आणि हा भाग बहुतेक जण सोडून देतात. मोटार, ट्रान्सफॉर्मर आणि टोनआर्म यांमुळे टर्नटेबलचे वजन कधीच मध्यावर नसते. फळीवर टर्नटेबल त्याच्या कायमच्या जागी ठेवून पायांभोवती पेन्सिलीने खुणा कराव्यात. दोघांनी मिळून ही सगळी जोडणी, खाली टॉवेल अंथरून, गोल दांड्यावर आडवी ठेवावी आणि फळी दोन्ही बाजूंना सारखी तोलली जाईपर्यंत हळूहळू सरकवावी. ज्या रेषेवर ती तोलली जाते तेथे फळीच्या कडेला चिकटपट्टीची खूण करावी. मग दांडा काटकोनात फिरवून तेच पुन्हा करावे. दोन्ही रेषा जेथे छेदतात, त्या बिंदूच्या सरळ वर गुरुत्वमध्य असतो. फळीच्या मध्यापासून तो ३-४ सेंटिमीटर बाजूला निघाला तर आश्चर्य मानू नये.

सावधान: दांड्यावर तोलताना एका माणसाचे दोन्ही हात सतत फळीच्या कडांखाली असावेत. झाकण उघडे ठेवून तोलू नये.

टप्पा ४: किती दब हवा आणि स्प्रिंग किती कडक हवी

वजन ठेवल्यावर स्प्रिंग तिच्या मोकळ्या उंचीपासून जितके मिलिमीटर खाली बसते, त्याला येथे 'दब' म्हटले आहे. सगळा हिशेब या एकाच मापावर उभा आहे. पोलादी स्प्रिंगेवर ठेवलेली वस्तू हाताने दाबून सोडली असता सेकंदाला जितके झोके घेते, ती तिची नैसर्गिक वारंवारता. आणि ती काढण्यासाठी १५.८ ला दबाच्या वर्गमुळाने भागले की पुरते. दब ४ मिमी असेल तर उत्तर येते ७.९ हर्ट्झ, ९ मिमीला ५.३, १६ मिमीला सुमारे ४ आणि २५ मिमीला ३.२ हर्ट्झ. दब चौपट केला तेव्हा वारंवारता निम्मी होते, हे येथे लक्षात घ्यावे.

ही वारंवारता इतकी महत्त्वाची का? तिच्या १.४ पटीच्या वरच्या कंपनांनाच स्प्रिंग अडवू लागते. त्याखालची कंपने ती जशीच्या तशी पुढे पाठवते, आणि स्वतःच्या वारंवारतेच्या आसपासची तर चक्क वाढवून पाठवते. दुसरीकडे, टोनआर्म आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला त्याच्या टोकाचा भाग) यांच्या जोडीचे स्वतःचे संस्पंदन, म्हणजे जिला ती जोडी आपोआप जोराने डोलू लागते ती वारंवारता, चांगल्या जुळणीत ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असते, आणि सुई सर्वांत हळवी असते ती याच पट्ट्यात. माझ्या त्या २ मिमी दबलेल्या स्प्रिंगांची वारंवारता ११ हर्ट्झ होती, म्हणजे बरोबर या पट्ट्याच्या पोटात. त्या नसत्या तर बरे झाले असते. स्प्रिंगेची वारंवारता ३.२ हर्ट्झ ठेवली, तर १० हर्ट्झच्या कंपनाचा साधारण नववा हिस्साच पुढे जातो. ४ हर्ट्झ ठेवली तर जवळपास पाचवा हिस्सा जातो.

म्हणून सर्वसाधारण घरात १६ ते २५ मिमी दब हे उद्दिष्ट धरावे. त्याहून अधिक दब देऊन वारंवारता आणखी खाली उतरवण्याचा हव्यास नको. ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांची तबकडी सेकंदाला ०.५६ वेळा फिरते, वाकलेल्या तबकडीचे हेलकावे त्या आकड्यापासून सुरू होऊन काही हर्ट्झपर्यंत पोहोचतात, आणि फारच मऊ स्प्रिंगा त्यांनाच साथ देऊ लागतात. शिवाय हात लावताच डोलणाऱ्या टर्नटेबलवर सुई टेकवणे हा शिक्षेचा प्रकार होतो.

मागाशेजारच्या घरासाठी एक वेगळी तपासणी आहे. पहिल्या टप्प्यात मोजलेल्या फेक्यांना ६० ने भागावे. मिनिटाला १५० फेके असतील तर सेकंदाला अडीच ठोके, म्हणजे २.५ हर्ट्झ, आणि असा ठोका त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतांवरही, म्हणजे ५ आणि ७.५ हर्ट्झवरही, जाणवत असतो. दब ४० मिमी ठेवला तर स्प्रिंग स्वतः २.५ हर्ट्झची होते आणि मागाच्या तालावर नाचू लागते. दब १० मिमी ठेवला तर ती ५ हर्ट्झची होते आणि दुप्पट ठोक्याशी जुळते. या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे सुमारे ३.५ हर्ट्झ, निवडावी. तेव्हा २० मिमी दब येतो. फेके मिनिटाला १२० असतील, तर ठोके २ आणि ४ हर्ट्झवर येतात, आणि मधली जागा २.८ हर्ट्झची, म्हणजे ३२ मिमी दबाची निघते. इतका दब देणारी, तरीही न कलंडणारी स्प्रिंग मिळणे कठीण असते. अशा वेळी फळी जड करण्याआधी टेबलाची जागाच बदलून पाहावी, असे माझे मत आहे.

आता कडकपणा. प्रत्येक स्प्रिंगेवर येणारे वजन ग्रॅममध्ये घेऊन त्याला हव्या त्या दबाने भागावे. समजा टर्नटेबल ८ किलो आणि फळी ४ किलो, एकूण १२ किलो, आणि स्प्रिंगा चार. प्रत्येकीवर ३,००० ग्रॅम येतात. २५ मिमी दब हवा असेल, तर ३,००० भागिले २५, म्हणजे दर मिलिमीटरला १२० ग्रॅम. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहावा आणि तो घेऊनच दुकानात जावे.

पडताळा: प्रत्येक स्प्रिंगेवरचे वजन ÷ कडकपणा = दब. १५.८ ÷ दबाचे वर्गमूळ = वारंवारता. उत्तर ३ ते ४ हर्ट्झच्या दरम्यान आले नसेल, तर खरेदीला निघू नये.

टप्पा ५: स्प्रिंग निवडणे आणि दुकानातच मोजणे

आपल्याला दाबल्यावर आखडणारी, म्हणजे कॉम्प्रेशन स्प्रिंग हवी आहे. सोलापुरात मागाच्या सुट्या भागांच्या दुकानांत स्प्रिंगा भरपूर दिसतात, पण वेटोळी एकमेकांना चिकटलेली आणि दोन्ही टोकांना आकडे असलेल्या स्प्रिंगा ताणण्यासाठीच्या असतात. त्या येथे निरुपयोगी आहेत. मोटारसायकलच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग अनेक पटींनी कडक असते, तर बॉलपेनची स्प्रिंग तीन किलोखाली पार सपाट होते. हव्या त्या मापाची तयार मिळाली नाही, तर अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी स्प्रिंगा वळून देणाऱ्याचा शोध घ्यावा.

वळवून घ्यायची असल्यास वरच्या उदाहरणासाठी हे माप चालते: १.६ मिमी पोलादी तार, तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत २० मिमी व्यास, काम करणारी ७ वेटोळी आणि दोन्ही टोकांना एकेक बसके वेटोळे, मोकळी उंची ५२ मिमी. तारेच्या जाडीबाबत कारागिराला 'साधारण एवढी' असे सांगू नये. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने १.६ ऐवजी १.८ मिमी तार वापरली, तर स्प्रिंग तब्बल ६० टक्क्यांनी अधिक कडक होते. व्यास २० चा २२ केला, तर ती पाऊणपट कडक राहते.

तयार स्प्रिंग निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. वजनाखाली दबल्यानंतरही पूर्ण मिटण्यास दबाच्या निम्मे अंतर शिल्लक असावे, म्हणजे २५ मिमी दबासाठी आणखी किमान १२ मिमी. दबल्यानंतर जी उंची उरते, तिच्या किमान ०.८ पट बाहेरचा व्यास असावा. उंच आणि बारीक स्प्रिंग बाजूला वाकते आणि टर्नटेबल कलंडते. टोके घासून सपाट केलेली असावीत, नाहीतर स्प्रिंग सुरुवातीपासूनच तिरकी उभी राहते.

यानंतर काटा. स्वयंपाकघरातील काटा आणि पट्टी दुकानात घेऊन जावी. दुकानदार हसेल, हसू द्यावे. स्प्रिंग काट्यावर उभी करून तिच्यावर छोटी लाकडी पट्टी ठेवावी, काटा शून्य करावा, आणि ती बरोबर १० मिमी खाली जाईपर्यंत दाबून वजन वाचावे. १२० ग्रॅमची स्प्रिंग १० मिमीला १,२०० ग्रॅम दाखवते. मग २० मिमी दाबून २,४०० च्या जवळपास येते का तेही पाहावे. चारही स्प्रिंगा वेगवेगळ्या मोजाव्यात. त्यांच्यात पाच टक्क्यांपेक्षा अधिक फरक असेल, तर दुसरी काढून द्यायला सांगावी.

सावधान: कडक निघालेली स्प्रिंग कापून मऊ होत नाही. वेटोळी कमी केली की ती अधिक कडक होते. सात वेटोळ्यांची पाच केल्यास कडकपणा १.४ पट होतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या, वाटीत सात बारीक स्प्रिंगा असलेल्या तयार पायांचे तत्त्वही हेच आहे. त्यांतल्या स्प्रिंगा काढून कडकपणा कमी करता येतो, मात्र त्या नेहमी समतोल काढाव्यात: बाहेरच्या सहांपैकी एक सोडून एक अशा तीन ठेवाव्यात, किंवा त्या तीन आणि मधली. बहुतेक जण सातही तशाच ठेवतात, ८ किलोच्या टर्नटेबलखाली त्या हलतही नाहीत, आणि मग 'स्प्रिंगांनी काही फरक पडत नाही' असा निष्कर्ष निघतो. शंका आल्यास एकेक लिटर पाण्याच्या बाटल्या फळीवर ठेवत जाऊन पट्टीने दब मोजावा.

रबराच्या पायांना मात्र दबाचे हे सूत्र लावू नये. रबर हळू दाबले असता जितके मऊ वाटते, त्याहून कंपनाच्या वेळी ते अधिक कडक वागते.

टप्पा ६: स्प्रिंगा बसवणे

तिसऱ्या टप्प्यात मिळालेला बिंदू फळीच्या खालच्या बाजूला उतरवून घ्यावा. चार स्प्रिंगांचा आयत असा आखावा की त्याचा मध्य बरोबर या बिंदूवर येईल. फळीच्या कडांपासून अंतर सारखे नसले तरी हरकत नाही. गुरुत्वमध्य ३ सेंटिमीटर डावीकडे असेल, तर संपूर्ण आयतच ३ सेंटिमीटर डावीकडे सरकवावा. असे केले की चारही स्प्रिंगांवर सारखे वजन येते, सगळ्या सारख्या दबतात आणि टर्नटेबल आपोआप सपाट राहते. अनेक जण स्प्रिंगा फळीच्या चार कोपऱ्यांना लावतात आणि मग कललेली बाजू पत्त्यांच्या तुकड्यांनी उचलत बसतात. वरवर सपाट दिसले तरी आत एक स्प्रिंग जास्त आणि एक कमी दबलेलीच राहते, आणि धक्का बसताच फळी सरळ वर-खाली होण्याऐवजी तिरकी डोलते.

स्प्रिंगा एकमेकींपासून जितक्या दूर बसतील तितके बरे. प्रत्येकीच्या वर आणि खाली सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा किंवा पातळ बूच द्यावे. पोलादी तारेतून वरच्या सुरांची कंपने सरळ चढत जातात, ती या चकतीवर काही अंशी अडतात. स्प्रिंग घसरू नये म्हणून फळीच्या खाली तिच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित लहान लाकडी बटण खिळ्याने ठोकावे.

फळी आधी रिकामी ठेवावी, मग टर्नटेबल, मग प्लॅटर, असे वजन हळूहळू चढवावे. एका कोपऱ्यावर एकदम भार टाकू नये.

टप्पा ७: झोका आवरणे

नुसत्या पोलादी स्प्रिंगेत अवमंदन जवळपास नसतेच. एकदा हलली की ती बराच वेळ झुलते. स्प्रिंगेच्या आत मऊ फोमचा गोल तुकडा सैलसर बसवावा. फोम कडक असेल तर तोच वजन उचलू लागतो आणि आपण काळजीपूर्वक काढलेला दब हरवतो. म्हणून फोम घालण्यापूर्वी आणि नंतर फळीची उंची मोजावी. फरक १-२ मिमीपेक्षा अधिक असेल, तर फोम बारीक करावा.

पडताळा: फळीचा मध्य हलकेच १० मिमी दाबून सोडावा. झोके पाच-सहा वेळांत डोळ्यांना दिसेनासे झाले पाहिजेत. वीस झोके मोजावे लागले तर फोम कमी आहे, आणि फळी एकाच झोक्यात थबकली तर जास्त आहे.

झोक्यांची वारंवारताही येथेच तपासून घ्यावी. फोनच्या स्लो-मोशन चित्रणात फळीच्या कडेमागे पट्टी उभी धरून एका सेकंदातले झोके मोजता येतात. हिशेबात ३.२ हर्ट्झ आणि प्रत्यक्षात ५ निघाले, तर फोम किंवा एखादी केबल फळीला वर उचलून धरत आहे.

केबलचा हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण मी पाहिलेल्या बिघाडांपैकी पुष्कळ येथेच सापडले. जाड सिग्नल केबल टेबलाच्या कडेवरून ताणून खाली नेली असेल, तर ती एका बाजूने पाचवी स्प्रिंग बनते आणि टेबलाचे कंपन स्प्रिंगांना वळसा घालून थेट टर्नटेबलपर्यंत पोहोचवते. प्रत्येक केबलला फळीजवळ सैल वळसा द्यावा आणि ती टेबलाला वेगळी बांधावी.

टप्पा ८: सपाटी आणि शेवटची तपासणी

स्प्रिंगा आणि ट्यूबचे तुकडे बसण्यास एक दिवस द्यावा. दुसऱ्या दिवशी प्लॅटरवर स्पिरिट लेव्हल ठेवून दोन्ही दिशांनी पाहावे. लेव्हल जड असेल, तर ती स्वतःच प्लॅटरला कलवते, म्हणून छोटी घ्यावी. किंचित कल असेल तर ज्या बाजूची फळी खाली गेली आहे त्या बाजूच्या दोन स्प्रिंगा काही मिलिमीटर बाहेर सरकवाव्यात. त्यांच्यावरचा भार कमी होऊन ती बाजू वर येते. सपाटी झाल्यावरच सुईचा भार आणि अँटिस्केटिंग (टोनआर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) पुन्हा तपासावे, त्याआधी नाही.

मग पहिल्या टप्प्यातली टकटक पुन्हा करावी, तीच तबकडी, तोच आवाज ठेवून. 'धप्प' आता दबलेला ऐकू आला पाहिजे. टेबलावर फरक पडला पण स्पीकरचा आवाज वाढवताच घुमणे सुरू होत असेल, तर स्पीकर त्याच टेबलावरून हलवावेत. हवेतून झाकणावर आदळणारा आवाज स्प्रिंगा अडवत नाहीत. वाजवताना झाकण काढून ठेवल्यास काही घरांत यामुळेच मोठा फरक पडतो, मात्र वजनाचा हिशेब झाकणासह केलेला असेल तर तो पुन्हा करावा लागतो.

सुई नेहमी लिफ्टच्या (टोनआर्म हळू वर-खाली करणाऱ्या) खटक्याने उतरवावी. हाताने उतरवण्याची सवय असलेल्यांना पहिले काही दिवस हे जाचते.

फळीच्या चार कोपऱ्यांची टेबलापासूनची उंची मिलिमीटरमध्ये फळीच्या खालच्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असताना फोम आणि रबर सैल पडतात, फोमचा कालांतराने भुगाही होतो. म्हणून जूनमध्ये तीच चार मापे पुन्हा घ्यावीत, आणि एखादा कोपरा २ मिमीपेक्षा अधिक खाली गेलेला असेल तर त्या स्प्रिंगेतला फोम आणि तिच्याखालची चकती बदलावी.